केबल कुणी बदलायची?

रोड बाइकची गियर केबल तुटते तेव्हा फारसा आवाज होत नाही. उजव्या हाताखालची लिव्हर एकदम सैल पडते. मागची चेन खडखडत सगळ्यात लहान चक्रावर जाऊन बसते. त्यानंतर लिव्हर कितीही दाबा, पलीकडून काही उत्तर येत नाही. सपाट रस्ता असेल तर पाय जरा जड होतात, एवढंच. घाट असेल तर मात्र खरी अडचण सुरू होते.

ती किती मोठी, हे साध्या हिशेबाने कळतं. समजा पुढचं लहान चक्र ३४ दात्यांचं आहे आणि मागचं सगळ्यात मोठं २८ दात्यांचं. या जोडीवर पेडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते. चढावर हेच हवं असतं. थोडं थोडं, पण दम टिकवून. केबल तुटली की मागे उरतं ते ११ दात्यांचं चक्र. आता त्याच एका फेऱ्यात सायकल साडेसहा मीटर ढकलायची असते. चढ तोच, पाय तेच. नाही ती फक्त सव्वा मिलिमीटरही जाडी नसलेली एक तार.

तर मग ही केबल कुणी बदलायची?

प्रश्न तांत्रिक वाटतो. दुकान जवळ असेल तर दुकानात जा, नसेल तर स्वतः बदला, विषय संपला. पण सायकल चालवणाऱ्या चार जणांना विचारून बघा, उत्तरं देताना त्यांचे आवाज बदलतात. एक म्हणतो, ‘स्वतःची सायकल स्वतःला दुरुस्त करता येत नसेल तर चालवता कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘ज्याचं काम त्यानं करावं. मी माझ्या कामाचे पैसे मिळवतो, त्यातले मिस्त्रीला देतो. यात लाज कसली?’ दोघांच्याही बोलण्यात केबलपेक्षा मोठं काहीतरी असतं. माणसाने आपलं काम किती आपण करावं आणि दुसऱ्याच्या हातावर किती विसंबावं, हा तो प्रश्न. शाळेत ‘स्वावलंबन’ या विषयावर निबंध लिहून आपण तो सुटला असं समजतो. तो तसा सुटलेला नसतो.

तार तुटते कशी

आधी केबलकडे नीट बघू, कारण उत्तराचा काही भाग तिच्यातच आहे.

आपण जिला एक तार म्हणतो ती एक तार नसते. स्टीलच्या बारीक तारा, साधारणपणे एकोणीस, एकमेकींभोवती पिळून ती बनवलेली असते. एका टोकाला धातूची छोटी घुंडी असते. ती लिव्हरच्या आतल्या एका चकतीत अडकवलेली असते. लिव्हर दाबली की चकती एक घर फिरते आणि तार दोन-तीन मिलिमीटर ओढली जाते. तेवढ्या ओढीने मागचा डिरेलर आत सरकतो आणि चेन शेजारच्या चक्रावर चढते. दोन चक्रांमधलं अंतर चार मिलिमीटरच्या आतबाहेर. उलट दिशेला न्यायचं काम डिरेलरची स्प्रिंग करते. तार सैल सोडली की स्प्रिंग चेनला लहान चक्राकडे खेचते. केबल तुटल्यावर चेन थेट सगळ्यात लहान चक्रावर का जाते, त्याचं कारण हेच. अडवणारं कुणी उरलेलं नसतं.

आता तुटण्याची जागा. केबल बहुतेक वेळा उघड्यावर तुटत नाही, ती लिव्हरच्या आत, घुंडीजवळ तुटते. तिथे तिला त्या छोट्या चकतीभोवती वाकावं लागतं. प्रत्येक गियरला ती वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. हजारो वेळा वाकल्यावर स्टीलसुद्धा थकतं. आधी एक तार तुटते. तिचा भार उरलेल्या अठरा जणी उचलतात. मग दुसरी तुटते, मग तिसरी. एकेक जण काम सोडून जावा आणि उरलेल्यांनी ओढत राहावं, असं काही आठवडे चालतं. शेवटी उरलेल्या दोन-चार तारा एखाद्या चढावर एकदम हात टेकतात.

या काळात सायकल गप्प नसते. गियर बदलायला क्षणभर उशीर लागतो. चेन लहान चक्राकडे उतरताना अडखळते, कारण तुटलेल्या तारांची कुसळं आत घासत असतात. काल नीट बसवलेला गियर आज पुन्हा कुरकुरतो. लिव्हरचा ‘टक्’ थोडा मऊ लागतो. हे सगळं हाताला कळण्यासारखं असतं.

म्हणजे ‘केबल अचानक तुटली’ असं आपण म्हणतो, तेव्हा अचानक झालेलं असतं ते फक्त आपल्याला कळणं.

भात्यावरचा मुलगा

सायकलच्या इतिहासात ‘दुरुस्ती कुणी करायची’ या प्रश्नाचा एक प्रसिद्ध खटला आहे. तिथे केबल नव्हती, फोर्क होता, पण प्रश्न हाच होता.

१९१३ सालची टूर द फ्रान्स. त्या काळच्या नियमानुसार स्पर्धकाची सायकल मोडली तर ती त्यानेच दुरुस्त करायची, बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. पिरेनीज पर्वतात तूरमाले नावाची खिंड आहे. तिच्या उतारावर उजेन क्रिस्तोफ या फ्रेंच सायकलपटूच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. तो शर्यत जिंकण्याच्या बेतात असलेल्यांपैकी एक होता. त्याने सायकल खांद्यावर घेतली आणि सुमारे दहा किलोमीटर चालत तो खालच्या सांत-मारी-द-कांपां या गावी पोचला. तिथे लोहाराची भट्टी होती. लोहार मदतीला तयार होता, पण नियम आडवा आला. शर्यतीचे अधिकारी समोर उभे राहून बघत होते. क्रिस्तोफने लोखंड तापवलं, ठोकलं, जोडलं, सगळं स्वतःच्या हातांनी. त्यात कित्येक तास गेले. फोर्क जोडून तो पुन्हा निघाला.

आणि त्याला दंड झाला. का? भट्टीवर काम करताना त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते आणि त्या वेळी एका लहान मुलाने भाता ओढला होता. दंड आधी १० मिनिटांचा होता, नंतर तो ३ मिनिटांवर आला.

हा किस्सा सहसा नियमांच्या मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच काही दिसतं. त्या अधिकाऱ्यांनी ‘स्वतः’ या शब्दाचा अर्थ शेवटपर्यंत ताणून बघितला आणि तो कुठे फाटतो ते आपल्याला दाखवून दिलं.

भाता मुलाने ओढला ही मदत झाली. मग भट्टी लोहाराची होती, ती मदत नव्हे का? हातोडा त्याचा होता, ऐरण त्याची होती. लोखंड खाणीतून कुणीतरी काढलं होतं, कोळसा कुणीतरी वाहून आणला होता. गावात भट्टी आहे ती शे-दोनशे वर्षं तिथे शेती करणाऱ्यांना नांगर लागले म्हणून. आणि लोखंड कसं तापवायचं, किती लाल झाल्यावर ठोकायचं, हे क्रिस्तोफला येत होतं म्हणजे कधीतरी कुणीतरी त्याला ते दाखवलेलं होतं. या सगळ्यातून अधिकाऱ्यांनी एकच हात वेगळा काढला. सगळ्यात लहान हात.

‘स्वतः केलं’ असं म्हणताना आपणही हेच करतो. जी मदत डोळ्यांसमोर उभी असते तिलाच मदत म्हणतो. जी आधीच वस्तूत, हत्यारात, शिकवणुकीत मुरलेली असते ती आपल्या खात्यावर जमा करतो. घरी बसून गियर केबल बदलणारा माणूस म्हणतो, ‘मी स्वतः बदलली.’ खरं आहे. पण तार ओढणारा कारखाना, आउटरमध्ये लायनर घालणारं मशीन, ती पद्धत सांगणारा व्हिडिओ बनवणारा कुणी परका माणूस, या सगळ्यांनी त्याचा भाता ओढलेला असतो.

मग पहिल्या गड्याचा, ‘स्वतःच केलं पाहिजे’वाल्याचा दावा पडला का? पूर्ण नाही. त्याचा अभिमान थोडा कमी व्हायला हवा, इतकंच आत्तापर्यंत सिद्ध झालं.

ज्याचं काम त्यानं?

आता दुसऱ्याचं म्हणणं बघू, कारण ते जास्त मजबूत आहे.

तो म्हणतो, जग चालतं ते कामं वाटून घेतल्यामुळे. हे म्हणणं काही आजचं नाही. अ‍ॅडम स्मिथने १७७६ सालच्या ग्रंथात टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण दिलं होतं. एकट्याने अथपासून इतिपर्यंत टाचणी बनवायची म्हटली तर दिवसभरात फार थोड्या होतील. दहा जणांनी कामं वाटून घेतली तर हजारोंनी होतील. केबलचंही तसंच. सरावलेला मिस्त्री ती अर्ध्या तासात बदलेल. तुम्ही पहिल्यांदा बदलायला बसलात तर दुपार जाईल. शिवाय मिस्त्रीच्या पोटाचा प्रश्न आहे. प्रत्येकाने आपापली केबल बदलली तर त्याने खायचं काय? स्वावलंबनाच्या नावाखाली दुसऱ्याची रोजी मारण्यात कसली नीती?

हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. पण तो आपल्या मातीत उच्चारला की त्याला दुसराच वास येतो.

‘ज्याचं काम त्यानं करावं’ हे वाक्य आपल्याकडे कारखान्यातून आलेलं नाही. ते गावगाड्यातून आलं आहे. लोहाराने लोखंड ठोकायचं, चांभाराने चामडं शिवायचं, सुताराने लाकूड तासायचं, आणि काहींनी कशालाच हात न लावता बसायचं. काम वाटलेलं होतं खरं, पण ते ज्याला जमतं त्याला, ज्याला आवडतं त्याला असं वाटलेलं नव्हतं. ज्याच्या घरी जन्मलात त्याचं काम. आणि ज्या कामात हात जितके काळे होतात तितकी ते करणाऱ्याची पायरी खाली.

१९३६ साली छापलेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हा बचाव खोडून काढला. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणीच तर आहे, असं तेव्हाही लोक म्हणत. बाबासाहेबांनी दाखवून दिलं की कामं वाटून घेणं ही एक गोष्ट आणि काम करणाऱ्या माणसांनाच एकावर एक रचलेल्या बंद कप्प्यांत टाकणं ही दुसरी. पहिली गोष्ट सोयीची आहे. दुसरीत सोय नाही, आहे तो अन्याय.

सायकलच्या दुकानात हे सगळं कुठून आलं, असं वाटेल. दुकानात जाऊन पाहा. लाख-दीड लाखाची सायकल स्टँडवर लावलेली असते. तिचा मालक चार पावलं दूर उभा राहून फोनवर बोलत असतो. जमिनीवर उकिडवा बसलेला माणूस त्याला काही विचारतो तेव्हा मालक ‘तुम्ही बघून घ्या’ म्हणतो. बिल झालं की तारेची किंमत मुकाट दिली जाते, कारण ती छापलेली असते. घासाघीस होते ती मजुरीवर. ‘एवढं काय केलंत? एक तर तार घातलीत!’

हे म्हणणारा माणूस दुष्ट नसतो. त्याला खरंच माहीत नसतं की काय केलं. आणि ते माहीत नसणं ही एक सवय आहे, कित्येक पिढ्यांची. हाताच्या कामाकडे न बघण्याची सवय. ‘ज्याचं काम त्यानं’ हे वाक्य धोक्याचं आहे ते इथे. मिस्त्रीकडून काम करून घेण्यात काही वाईट नाही. ते काम आपल्या बघण्याच्याही लायकीचं नाही असं वाटणं वाईट आहे.

एक तार घालण्यात काय असतं

तर काय असतं एक तार घालण्यात?

लिव्हर अगदी शेवटच्या घरापर्यंत खाली आणायची, म्हणजे आतल्या चकतीचं भोक बाहेरच्या भोकासमोर येतं. रबरी कव्हर उलटून वर सरकवायचं. डिरेलरचा बोल्ट एलन कीने सैल करायचा. केबल शाबूत असेल तर ढकलून बाहेर काढता येते. तुटली असेल तर घुंडी आणि तिला चिकटलेली कुसळं लिव्हरच्या पोटात राहिलेली असतात. ती बारीक चिमट्याने, उजेड धरून, एकेक करत काढावी लागतात. इथे जोर करून चालत नाही. लिव्हर पुन्हा पुन्हा दाबत राहिलं तर कुसळं आतल्या यंत्रात खोल ओढली जातात आणि दोन-तीनशेच्या आतलं काम हजारांवर जातं.

मग नवी तार ओवायची. सुईत दोरा ओवावा तशी, पण न दिसणाऱ्या भोकातून. टोक जराही उसवलं तर ती आत जाणार नाही. मग आउटर. हा गियरचाच हवा. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, गियरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ गेलेल्या असतात. म्हणून गियरचा आउटर दाबला जात नाही आणि मिलिमीटरचा हिशेब अचूक राहतो. पण तोच आउटर ब्रेकला लावला तर जोरात ब्रेक दाबल्यावर फाटू शकतो. दिसायला दोन्ही काळ्या नळ्याच. फरक न कळता हात घातला तर जिवावर बेतेल, आणि हे कळणं म्हणजेच मिस्त्रीची मजुरी.

तार डिरेलरपर्यंत आली की हाताने ताणून बोल्ट आवळायचा आणि मग खरं काम सुरू होतं, सूर लावण्याचं. पेडल हाताने फिरवत एकेक गियर बदलायचा. चेन मोठ्या चक्रावर चढायला आळस करत असेल तर ताण कमी आहे. छोटा गोल अ‍ॅडजस्टर पाव फेरा बाहेर काढायचा. लहान चक्रावर उतरायला आळस करत असेल तर ताण जास्त आहे. पाव फेरा आत. पुन्हा ऐकायचं. पुन्हा पाव फेरा. तबल्याच्या गट्ट्यावर हातोडी मारणारा माणूस जसा कान देऊन असतो, तसं. काही राइडनंतर हे थोडं पुन्हा करावं लागतं. लोक म्हणतात ‘नवी केबल ताणली.’ बहुतेक वेळा तार ताणलेली नसते, आउटरची टोकं आपापल्या खाचेत नीट बसलेली असतात.

हे एकदा स्वतः केलेला माणूस पुन्हा कधी ‘एक तर तार घातलीत’ म्हणेल असं मला वाटत नाही. पुढच्या वेळी तो मिस्त्रीकडेच गेला तरी चालेल. किंबहुना जावंच. पण आता तो समोर उभा राहून बघेल, बघताना त्याला काय चाललं आहे ते दिसेल आणि मजुरी देताना हात आखडणार नाही.

आपलं काम निदान एकदा आपण करून बघावं, यामागे मला दिसणारं नैतिक कारण हे आहे. त्यात पैसे वाचवण्याचा भाग नाही आणि ‘मला कुणाची गरज नाही’ हे दाखवण्याचाही नाही. आपल्याला कुणाची किती गरज आहे हे नीट कळावं म्हणून करायचं. ‘आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही’ ही म्हण आपण ‘स्वतः केल्याशिवाय काम होत नाही’ अशा अर्थाने वापरतो. तिचा जरा वेगळा अर्थही लावता येईल: स्वतः केल्याशिवाय दुसऱ्याने केलेलं काम दिसत नाही.

जे वाटून देता येत नाही

माझ्या भागात एक सायकल मिस्त्री आहेत. सायकल स्टँडवर चढवायच्या आधी ते गिऱ्हाइकाला एकच विचारतात, ‘आवाज कधीपासून येतोय?’ बहुतेकांना सांगता येत नाही. कुणी म्हणतं आजच, कुणी म्हणतं लक्ष नाही दिलं. मिस्त्री मान हलवतात आणि कामाला लागतात. एकदा मी त्यांना विचारलं, ‘हे का विचारता? तुम्हाला तर बघूनच कळतं.’ ते म्हणाले, ‘मला उघडल्यावर कळतं. चालवताना मी नसतो ना.’

मला या सगळ्या प्रश्नाची किल्ली इथे सापडली असं वाटतं. दुरुस्ती दुसऱ्याकडे देता येते, पण लक्ष देता येत नाही. एकोणिसातल्या पहिल्या चार तारा तुटल्या तेव्हा लिव्हरवर ज्याचं बोट होतं, ते जाणण्याची जागा फक्त त्याचीच होती. जगातला सगळ्यात हुशार मिस्त्री त्या बोटाच्या जागी येऊ शकत नाही. वस्तूशी आपलं जे नातं आहे, त्यातलं हे एवढं काम कुणाकडेही सोपवता येत नाही. कितीही पैसे दिले तरी.

आणि हे फक्त वस्तूंचं नाही. डॉक्टर उपचार करतील, पण आईला महिनाभर जिना चढताना धाप लागते आहे हे तिच्याबरोबर राहणाऱ्याला दिसायला हवं. मैत्री तुटते तीसुद्धा शेवटच्या भांडणात तुटत नाही. कधीतरी फोन उचलायला उशीर व्हायला लागतो, हसणं जरा मऊ पडतं, काल जुळवलेलं आज पुन्हा कुरकुरतं. समुपदेशक नंतर मिळेल. पण चालवताना तो नसतो.

म्हणून स्वावलंबनाचा मला पटणारा अर्थ असा. दुरुस्ती कुणीही करो, जबाबदारी माझी. ही जबाबदारी घेतलेला माणूस मदत मागतो तेव्हा काय हवं आहे ते सांगू शकतो. न घेतलेला माणूस सायकल स्टँडवर टेकवतो आणि ‘बघून घ्या’ म्हणतो. दोघंही मदतच घेत असतात. पण पहिला दुसऱ्याबरोबर काम करतो आणि दुसरा आपल्यावरचं ओझं त्याच्या अंगावर टाकतो.

हात काळे करणारं शिक्षण

स्वावलंबनाचा हा अर्थ महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि रोजची कामंही स्वतः करत. ‘कमवा आणि शिका’ हे नाव आज आपण योजनेचं नाव म्हणून ऐकतो. तिचा एक अर्थ गरिबाच्या फीची सोय हा होता. पण दुसरा अर्थ तितकाच मोठा होता. जिथे भांडं घासणं हे कुणा एका जातीचं काम मानलं जातं, तिथे सगळ्यांनी पाळीपाळीने भांडी घासायची, याचा अर्थ ‘मला कुणाची गरज नाही’ असा होत नाही. ‘कुठलंच काम माझ्या खालचं नाही’ असा होतो. स्वावलंबन आणि समता ही तिथे एकच गोष्ट होती.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्येही असं काही सापडतं. पुणे, मुंबई, नाशिकसारख्या शहरांतून आता ब्रेव्हे राइड होतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, अशा. यात सोबत मदतीची गाडी चालवता येत नाही. आपल्या माणसांची मदत घ्यायची तर ती ठरलेल्या कंट्रोलवरच. बाकी आपलं सामान, आपली ट्यूब, आपली केबल आपण बाळगायची. नियम १९१३ची आठवण करून देणारा आहे. पण रस्त्यात कुणाची केबल तुटली तर मागून येणारा थांबतो. एकाकडे एलन की असते, दुसऱ्याकडे पक्कड. नवी केबल नसेल तर डिरेलरवरचा ‘एच’ खुणेचा स्क्रू आत फिरवून चेन एखाददुसऱ्या चक्राने वर चढवतात, किंवा उरलेली तार ताणून बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूला गुंडाळतात, म्हणजे निदान मधला एक गियर मिळतो. त्यावर घाट चढतो, रखडत का होईना. इथे भाता ओढणाऱ्याला कुणी दंड करत नाही. उलट तयारीने आलेला माणूसच दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. स्वतःची केबल ज्याला बदलता येते, त्यालाच दुसऱ्याचीही बदलता येते.

आणि केबलच नसेल तर?

एक शंका राहते. आता महागड्या सायकलींमध्ये केबलच नसते. शिमानोचं डीआयटू हे इलेक्ट्रॉनिक गियर २००९ साली बाजारात आले. नंतर वायरसुद्धा नसलेले आले. बटण दाबलं की छोटी मोटर डिरेलर हलवते. तार नाही, कुसळं नाहीत, पाव फेरा नाही. बिघडलं तर रस्त्याच्या कडेला बसून करण्यासारखंही फारसं काही नाही. तुमच्या हातातल्या फोनचं तरी काय वेगळं आहे? बॅटरी गोंदाने चिकटवलेली, स्क्रू असे की घरातला स्क्रू ड्रायव्हर लागू नये. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, ती अशा वस्तू वाढत चालल्या म्हणूनच. ज्या वस्तू उघडताच येत नाहीत, त्यांच्या बाबतीत ‘एकदा करून बघा’ या सल्ल्याला काय अर्थ?

मला वाटतं, अशा वेळी त्याला जास्तच अर्थ आहे. बंद डब्यातल्या वस्तू वाढतील तसं आपल्याला वाटायला लागेल की वस्तू आपोआपच चालतात आणि बिघडल्या की आपोआपच बदलून मिळतात. मधला माणूस दिसेनासा होईल. केबलसारख्या उघड्या, स्वस्त, हाताला कळणाऱ्या गोष्टी त्यासाठी जपायच्या. इलेक्ट्रॉनिक गियर वाईट असतात असं नाही. पण जग कुणाच्या तरी हातांनी चालतं हे शिकण्याची सोय या केबलमध्ये अजून शिल्लक आहे, आणि तिची किंमत एका बऱ्या थाळीपेक्षा फार जास्त नाही.

क्रिस्तोफची ती शर्यत हातातून गेली, पण त्याने ती पूर्ण केली. १९१९ साली टूरमध्ये आघाडीवरच्या स्पर्धकाला पिवळी जर्सी द्यायची पद्धत पडली, तेव्हा ती अंगावर घालणारा तो पहिला ठरला. आणि त्याच वर्षी त्याचा फोर्क पुन्हा मोडला. इतिहासाने त्याचं नाव लक्षात ठेवलं. भात्यावरच्या मुलाला मात्र तो मुख्यतः नियमभंगाचा पुरावा म्हणून ओळखतो.

तर केबल कुणी बदलायची? जमेल त्याने. तुम्ही, मिस्त्रीने, घाटात थांबलेल्या अनोळखी माणसाने. पण ती बदलली जात असताना तुम्ही तिथे असा. फोन खिशात ठेवा, टॉर्च धरा, कुसळं कुठे अडकली आहेत ते बघा. आणि भाता कोण ओढतंय तेही बघा.